अ की ब? दोन सारख्या पिस्तुलांचा अभ्यास

शीर्षक वाचून घाबरू नका. आमच्या लालबाग-परळ भागात ‘पिस्तूल’ म्हटलं की लोकांना सिनेमातली टोळीयुद्धं आठवतात. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती पिस्तुलं दाबाखालच्या हवेवर चालतात आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा मारतात. त्यांचा एकमेव शत्रू म्हणजे दहा मीटरवर लावलेला कागद.

आणखी एक सूचना. मी कॉन्व्हेंटची. ट्रिगरला ‘चाप’ आणि नळीच्या टोकावरच्या साइटला ‘माशी’ म्हणतात हे मला हा लेख लिहिताना आजोबांनी सांगितलं. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी काढल्यात, उरल्या असतील त्या माझ्या.

प्रश्न कसा पडला

नेम धरायला मी एनसीसीत शिकले. अंजली भागवत यांची सुरुवात दादरच्या कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतूनच झाली आणि २००० साली त्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, हे आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दादरहून सिडनीला जाता येतं, तर लालबागहूनही एखादी बस असेलच, असं तेव्हा वाटलं!

दीड वर्ष मी रेंजचं पिस्तूल वापरलं. त्याची मूठ चांगल्या दणकट हातासाठी बनवलेली. माझं बोट चापापर्यंत जेमतेम पोचायचं आणि शेवटच्या वीस छर्ऱ्यांना मनगट थरथरायचं. मग रेंजवरच्या एका ताईंनी आणि एका दादांनी आपापलं जुनं पिस्तूल विकायला काढलं. दोन्ही कॉम्पॅक्ट, म्हणजे नळी आखूड आणि वजन कमी. किंमत जवळजवळ तीच. फरक एवढाच की एकाचा चाप इलेक्ट्रॉनिक (याला ‘अ’ म्हणू) आणि दुसऱ्याचा मेकॅनिकल (हे ‘ब’).

पैसे होते आईच्या भिशीचे, आणि माझ्या दोन वर्षांच्या ट्यूशनचे. आईचा नंबर लागला तेव्हा घरात नवीन फ्रिजची चर्चा चालू होती. ती आपणहून म्हणाली, “फ्रिज अजून एक उन्हाळा काढेल.” त्यामुळे चुकीचं पिस्तूल घेणं मला परवडणारं नव्हतं. पैशाने नाही आणि मनानेही नाही.

कागदावरचा अभ्यास

आपण इंजिनिअर! मी एक्सेल उघडलं. आठ मुद्दे, प्रत्येकाला वजन, शेवटी बेरीज. उत्तर आलं ‘अ’. मग वाटलं, वजनाच्या मुद्द्याला थोडं जास्त महत्त्व द्यावं. उत्तर आलं ‘ब’. दोन वस्तू फार सारख्या असल्या की असा तक्ता आपल्याला हवं तेच उत्तर देतो, हा पहिला धडा.

नियमांनीही सुटका केली नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त नको, चाप किमान ५०० ग्रॅम वजन उचलणारा हवा. दोन्ही पास. कायद्याचंही तेच. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर धरा. ½mv² केलं की साडेपाच ज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंची एअरगनला २० ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही. (हॉस्टेलला मात्र रेक्टर मॅडमचा नियम लागू! माझ्या मैत्रिणीने खोलीत पेटी ठेवू का असं विचारून पाहिलं. उत्तर तुम्हाला माहीत आहे. पेट्या रेंजच्या लॉकरमध्येच राहतात आणि तेच बरोबर आहे.)

मग भूमिती. मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर जितकं कमी, तितकी हाताची चूक कागदावर मोठी होते. साधे समरूप त्रिकोण. ‘अ’वर हे अंतर ३१ सेंटिमीटर, ‘ब’वर ३०. माशी खाचेत ०.१ मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर ‘अ’चा छर्रा ३.२ मिलिमीटर आणि ‘ब’चा ३.३ मिलिमीटर भरकटेल. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे या फरकाने काहीही बिघडत नाही.

रेंजवरचा अभ्यास

शेवटी दोन्ही पिस्तुलं दोन संध्याकाळ उसनी मागितली. दहा-दहा छर्ऱ्यांचे पाच कागद ‘अ’वर, पाच ‘ब’वर. थकव्याचा परिणाम एकाच पिस्तुलावर पडू नये म्हणून आलटून पालटून.

‘अ’ : ८७, ९०, ८५, ८९, ८८. सरासरी ८७.८.
‘ब’ : ८८, ८६, ९१, ८७, ९०. सरासरी ८८.४.

‘ब’ जिंकलं? मलाही तसंच वाटलं होतं. पण नीट बघा. सरासरीतला फरक ०.६ आणि त्याच पिस्तुलावर माझ्या एका कागदात नि दुसऱ्यात पाच गुणांचा फरक. स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चरला जे झोपले नसतील त्यांना कळलं असेल की या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. चांगलं एअर पिस्तूल पकडीत आवळून मारलं तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. कागदावरचा विखुरलेपणा पिस्तुलाचा नव्हताच. तो माझा होता. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

आजोबांचा प्रश्न

दुसऱ्या संध्याकाळी एक घोटाळा झाला होता. ‘अ’ उचललं, नेम धरला, चाप दाबला, काही नाही. आदल्या दिवशी मीच स्विच बंद करायला विसरले होते, बॅटरी संपली. चूक शंभर टक्के माझी.

घरी येऊन हे सांगितलं. आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात होते. ते म्हणाले, “नवा साचा आला की साहेब लोक त्याचा वेग विचारायचे. आम्ही विचारायचो, हा बंद पडला तर सुरू कोण करणार आणि तोवर आमच्या मजुरीचं काय?”

माझ्या एक्सेलच्या आठ मुद्द्यांत हा मुद्दाच नव्हता!

मग मला टोकियो आठवलं. २५ जुलै २०२१, महिलांची दहा मीटर एअर पिस्तूल. प्राथमिक फेरी चालू असताना मनू भाकरच्या इलेक्ट्रॉनिक चापाच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली. घड्याळ थांबत नाही. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. याच मनूने २०२४ मध्ये पॅरिसला दोन ब्राँझ पदकं घेतली. म्हणून इलेक्ट्रॉनिक चाप वाईट, असं म्हणता येणार नाही. मेकॅनिकल चापही अडकतो, स्प्रिंग थकते. बिघाड दोन्हीकडे आहे, फक्त त्याची जात वेगळी आहे. कुठल्या जातीचा बिघाड आपल्याला निस्तरता येईल, हे आपण ठरवायचं.

मी तीन प्रश्न लिहिले. बिघडलं तर कोण दुरुस्त करेल? ‘ब’चा चाप आमच्या रेंजवरचे काका स्क्रूड्रायव्हरने खोलून दाखवतात, ‘अ’चं सर्किट गेलं तर भाग परदेशातून मागवायचा. माझा स्वभाव कसा आहे? मोबाईल कायम चार टक्क्यांवर असणाऱ्या मुलीने बॅटरीवर भरवसा ठेवू नये. आणि जुन्या मालात काय दडलंय? हवेच्या सिलिंडरवर मुदतीची तारीख असते, ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. ‘ब’च्या सिलिंडरची बरीच वर्षं शिल्लक होती, ‘अ’ची थोडीच.

मी ‘ब’ घेतलं. मूठ जरा मोठी होती, ती घासून माझ्या हाताची केली.

आणि ‘अ’?

‘अ’ माझ्या हॉस्टेलवरच्या मैत्रिणीने घेतलं. ती कोल्हापूरची, म्हणजे राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्या गावची, नेमबाजी तिच्या पाण्यातच आहे. कबड्डीत तिचं मनगट एकदा मोडलंय. इलेक्ट्रॉनिक चापाला छर्ऱ्याविना सराव करताना दर वेळी कॉक करावं लागत नाही, म्हणजे मनगटाला आराम. चार्जरचं ती विसरत नाही. नव्या सिलिंडरचे पैसे तिने किमतीतून कमी करून घेतले. तिचा निर्णय माझ्याइतकाच बरोबर आहे. हिशोब तोच, माणूस वेगळा.

पुढच्या वर्षी कॅम्पसला आपल्यातल्या काहींना दोन सारख्याच ऑफर्स येतील. पॅकेजमध्ये उन्नीस-बीसचा फरक असेल. एक्सेल जरूर उघडा. पण दोन आकड्यांतला फरक आपल्याच डगमगण्यापेक्षा लहान असेल, तर आकडे बाजूला ठेवून आमच्या आजोबांचा प्रश्न विचारा.

असो. माझी सरासरी अजून ८८ वरच आहे. आता दोष द्यायला पिस्तूल उरलेलं नाही, त्यामुळे रोज सकाळी साडेसहाला रेंजवर असते. फ्रिज मात्र आईने म्हटल्याप्रमाणे उन्हाळा काढला.