पोटामागचा गडी

मंडळी, आपल्या पोटात एक गडी रात्रंदिवस राबतो. त्याचे नाव स्वादुपिंड. नाव जड आहे. तुकडे पाडून वाचा. स्वा-दु-पिं-ड. आता एका दमात वाचा. स्वादुपिंड.

काळीज आपल्याला ठाऊक आहे. आतडी ठाऊक आहेत. या गड्याची मात्र कुणाला ओळख नसते. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पडलेला असतो. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर. म्हणजे आपल्या वितीपेक्षाही कमी. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एवढासा जीव, पण काम केवढे!

त्याची कामे दोन. पहिले काम पाचक रस करण्याचे. दिवसाला एक ते दीड लिटर रस तो करतो. हा रस एका नळीने लहान आतड्यात उतरतो आणि डाळ, भाकरी, तेल, तूप सारे पचवतो. पित्ताची नळीही तिथेच येऊन मिळते. हे ध्यानात ठेवा. पुढे कामास येईल.

दुसरे काम इन्सुलिन करण्याचे. इन्सुलिनमुळे रक्तातली साखर ताब्यात राहते. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोन डॉक्टरांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्या कुत्र्याला मधुमेह झाला. तेव्हा कुठे जगाला कळले की साखरेची किल्ली या पिंडात आहे. पुढे १९२१ साली कॅनडा देशात बँटिंग आणि बेस्ट यांनी पिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. १९२२ च्या जानेवारीत ते १४ वर्षांच्या एका आजारी मुलाला टोचले आणि तो मुलगा सावरला.

आता दुखण्याकडे येऊ. पाचक रस फार तीव्र असतो. तो मांससुद्धा पचवतो. मग तो स्वतःच्या पिंडाला का खात नाही? कारण पिंडात असताना तो निजलेला असतो. आतड्यात गेला की जागा होतो. म्यानात घातलेला कोयताच म्हणा. पण नळी तुंबली, किंवा पिंडाला इजा झाली, तर कोयता म्यानातच फिरू लागतो. रस पिंडालाच पचवू लागतो. पिंड सुजते. याला स्वादुपिंडाचा दाह म्हणतात.

मी डॉक्टर नाही. शाळामास्तर होतो. पण हे दुखणे मी माझ्या घरात पाहिले आहे. माझ्या धाकट्या भावाला ते जडले. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. तो म्हणाला, "लिव्ह दादा. माझ्यावरनं दुसरा कुणी वाचला तर बरंच हाय."

२०१४ सालचा पोळा. बैल मिरवून झाले. भाऊ मित्रांबरोबर बसला, दारू प्याला. घरी येऊन पुरणपोळी आणि भजी पोटभर जेवला. मध्यरात्री भावजय दार ठोठावू लागली. "दादा, लवकर या. त्यांना बघवत नाही." जाऊन पाहतो तर भाऊ गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसलेला. बेंबीच्या वर दुखत होते, आणि दुखणे थेट पाठीत जात होते. उताणे निजले की जास्त. पुढे वाकले की थोडे कमी. ओकाऱ्या थांबेनात. "दादा, पोटात कुणी पहार खुपसल्यागत होतंय," एवढेच तो म्हणे.

आम्ही काय केले ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एक म्हातारी म्हणाली, बेंबी सरकली आहे, पोट चोळा. चोळले. मग सोडा पाजला. पहाटे एकाने गॅस झाला म्हणून इंजेक्शन दिले. यात सारी रात्र गेली. सकाळी त्याचा घसा कोरडा पडला, नाडी पळू लागली, लघवी होईना. मग गाडी केली. खरे तर मध्यरात्रीच १०८ नंबर फिरवायला हवा होता. हा नंबर मला पाठ होता. शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतला होता! घरच्या माणसाच्या वेळी आठवला नाही.

इस्पितळात रक्त तपासले. लायपेज नावाचा रस रक्तात वाढतो, त्यावरून रोग कळतो. सोनोग्राफी केली. शिरेतून सलाईन चालू केले, दुखणे थांबवायचे औषध दिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाचांपैकी चार जणांचा दाह सौम्य असतो. आठवड्याभरात माणूस बरा होतो. पाचव्याचा मात्र जिवावर बेततो." भाऊ चारांत निघाला.

हे का होते? बहुतेक वेळा कारणे दोन. एक पित्ताचे खडे, दुसरे दारू. मघाशी ध्यानात ठेवा म्हटले ते आठवा. पित्ताची नळी आणि पिंडाची नळी एका जागी मिळतात. पित्ताचा खडा घसरून तिथे अडकला की मोरी तुंबावी तसा रस तुंबतो. रक्तातली चरबी फार वाढली तरी हा दाह होतो. काही औषधांनी होतो. काही घराण्यांत रक्तातूनच येतो. केरळात तर पूर्वी पुष्कळ तरुणांना दारूचा थेंब न घेता हा रोग होत असे. ज्या कंदाचा साबुदाणा करतात, त्या कंदावर डॉक्टरांचा संशय होता. पण तो सिद्ध झाला नाही.

म्हणून कुणाला हे दुखणे झाले की लगेच "प्याला असेल" म्हणू नका. आमच्या आळीतल्या एका बाईला हाच रोग झाला. त्या माउलीने आयुष्यात चहाशिवाय काही घेतले नव्हते. तिला खडे होते. पण लोकांनी असे काही टोमणे मारले की तिने पाणवठ्यावर जाणे सोडले. पुढे तिची पित्ताची पिशवी काढली. खड्यामुळे दाह झाला असेल तर पिशवी लवकर काढून घ्यावी, नाहीतर पुन्हा झटका येतो. आज ती बाई ठणठणीत आहे.

माझ्या भावाचे कारण मात्र दारूच होते. डॉक्टरीणबाईंनी बजावले, दारू आणि बिडी दोन्ही बंद. दारूचे त्याला पटले. बिडीचे पटेना. तो म्हणे, "बिडी छातीत जाते, पोटाशी तिचा काय संबंध?" संबंध आहे. तंबाखूच्या धुरानेही हे पिंड खराब होते, आणि दारूबरोबर धूर असला तर आणखी वेगाने बिघडते.

त्याने वर्षभर पथ्य पाळले. मग "थोडी घेतली तर काय होते" असे सुरू झाले. २०१६ साली दुसरा झटका आला. १९ दिवस इस्पितळात काढले. औषधपाण्यासाठी विहिरीकाठचा तुकडा गहाण पडला. वडिलांनी हाताने दगड वेचून केलेला तो तुकडा होता. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

घरी आल्यावर तो पुन्हा लपूनछपून प्यायला लागला. मग एके दिवशी चिडून त्याने दारू एकदम सोडली. दोन दिवसांत हातपाय कापू लागले. अंगावर किडे चालतात म्हणू लागला. आम्हाला वाटले भुताची बाधा. तो दारू एकदम तुटल्याचा परिणाम होता. यात झटके येऊन माणूस दगावू शकतो. रोज पिणाऱ्याने दारू सोडायचीच, पण डॉक्टरच्या नजरेखाली. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण नावाची व्यसनमुक्तीची संस्था आहे. अशा जागी रीतसर सोडवतात. भाऊ जिल्ह्याच्या इस्पितळात राहून सुटला. आल्यावर त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली.

दारू गेली, पण पिंडावर वण राहिले. वारंवार दाह झाला की पिंड आक्रसते. रस कमी पडतो. भाऊ दोन वेळा जेवायचा, तरी वाळत चालला. ६२ किलोचा ४४ किलोवर आला. शौचास तेलकट होई, पाण्यावर तरंगे, वास फार सुटे. सांगायला लाज वाटते म्हणून त्याने सहा महिने कुणाला सांगितलेच नाही. वाचकहो, अशी गोष्ट डॉक्टरला सांगायची असते. खाल्लेले तेल-तूप न पचता बाहेर जात होते. त्याबरोबर डोळ्यांना आणि हाडांना लागणारी जीवनसत्त्वेही जात होती.

त्यात घरच्यांनी आणखी एक चूक केली. कुणी सांगितले की या रोगात तेल विष आहे. मग भावजय त्याला वर्षभर नुसता मऊ भात आणि वरणाचे पाणी देत होती. झटका ताजा असताना हलके, कमी तेलाचे अन्न बरोबर आहे. पण जुन्या दुखण्यात तेल पूर्ण तोडले तर माणूस खंगतो. पूर्वी डॉक्टरही तेल बंद करा म्हणत. आता तसे सांगत नाहीत. आता म्हणतात, पोटाला पचेल तेवढे तेल घ्या, डाळ-दूध भरपूर घ्या, आणि रस कमी पडतो तो औषधातून घ्या.

ते औषध म्हणजे पाचक रसाची कॅप्सूल. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण लांबले तर मध्ये आणखी एक. जेवणाआधी तासभर घेतली, किंवा हात धुतल्यावर घेतली, तर पैसे वाया. चावायची नाही, गिळायची. किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतात.

इथे मोठी अडचण आली. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. डॉक्टरीणबाईंनी ते लपवले नाही. भावाने कॅप्सूल परत केली. "माळ घातली ती काय डुक्कर खायला?" दोन महिने त्याने ती घेतली नाही. आणखी तीन किलो उतरला. मी रागावलो, भावजय रडली, काही उपयोग झाला नाही. शेवटी ज्यांच्या हातून माळ घेतली त्या महाराजांकडे मी त्याला नेले. म्हातारे गृहस्थ. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "चवीसाठी खातोस का?" भाऊ नाही म्हणाला. "मग घे," म्हणाले. एवढेच. त्या रात्रीपासून तो कॅप्सूल घेऊ लागला. आमच्या मुसलमान बांधवांनाही हाच प्रश्न पडतो. त्यांनी आपल्या जाणत्या माणसाला विचारावे, पण औषध मनानेच बंद करू नये.

आता त्याचे खाणे कसे असते ते सांगतो. मोठी जेवणे दोन नाहीत, लहान पाच-सहा. सकाळी दूध आणि उपमा. दहा वाजता मूठभर भाजके शेंगदाणे. दुपारी भाकरी, मुगाचे वरण, दुधी किंवा दोडका, वाटीभर दही. तिसऱ्या प्रहरी केळे. रात्री भात-पिठले. निजताना पुन्हा थोडे दूध. भजी, वडे, तर्री वर्ज्य. कच्च्या पालेभाज्यांचा ढीग नको, पोट लवकर भरते आणि ताकद मिळत नाही. माळकरी नसता तर अंडी आणि मासेही चालले असते. रोज अर्धा तास उन्हात चालतो.

उपास मात्र सुटला. २०१९ साली त्याला मधुमेह झाला, कारण पिंडाने इन्सुलिनचेही काम टाकले. या मधुमेहात साखर वाढते तशी एकाएकी खूप उतरतेही. इन्सुलिन टोचून उपाशी राहिले तर घाम फुटतो, हात कापतात, माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून त्याच्या खिशात नेहमी गुळाचा खडा असतो. एकादशीला तो आता भगर आणि ताक घेतो, तेही वेळेवर, दिवसातून चार वेळा. सुरुवातीला त्याला फार चुटपुट लागली होती.

दुखणे अजून अधूनमधून उठते. मेडिकलमधून मनाने गोळी आणत नाही. ताप आला, डोळे पिवळे झाले, ओकारी थांबेना, तर तडक इस्पितळ गाठायचे, एवढे घरात सर्वांना पढवले आहे. धाकट्या पुतणीने १०८ हा आकडा चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिला आहे.

वजन आता ५३ किलो आहे. विहिरीकाठचा तुकडा दोन वर्षांपूर्वी सोडवला. गेल्या पोळ्याला भावाने स्वतः बैल धुतले, शिंगे रंगवली. संध्याकाळी पंगत बसली. भावजयीने त्याच्या पानात अर्धी पुरणपोळी वाढली आणि वर चमचाभर तूप सोडले. त्याने खिशातून कॅप्सूल काढली आणि पहिला घास घेतला. मित्रांनी वेशीकडून हाक मारली. "जेवतोय," तो आतूनच म्हणाला.