बिनतारी इंटरनेट आणि घरचा संगणक

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असावा आणि नेमक्या त्याच सायंकाळीं घरांतील संगणकानें बिनतारी इंटरनेटाशीं असहकार पुकारावा, हा अनुभव आतां पुष्कळ घरांस आलेला असेल. अशा वेळीं जी धांवपळ होते ती मूळ दोषापेक्षां अधिक हानि करिते. कोणी राउटरच्या पाठीवरील बारीक भोकांत टांचणी खुपसतो. कोणी सगळा संगणक पुसून नव्यानें भरावा असा सल्ला देतो. पहिल्या उपायानें कंपनीच्या माणसानें राउटरांत भरून ठेवलेलें वापरनांव व संकेतशब्द पुसले जातात. दुसऱ्यानें वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें आणि मुलांचीं टिपणें नाहींशीं होतात. दोष कोठें आहे हें पाहण्यापूर्वींच केलेले हे उपाय होत. तो शोधण्याची रीत मुळींच कठीण नाहीं, व आठवीच्या विद्यार्थ्यासहि ती सहज साधेल, असें आमचें मत आहे.

नळास पाणी आलें नाहीं तर शहाणी गृहिणी लागलीच तोटी उपटीत नाहीं. शेजारीं पाणी आहे काय हें ती आधीं विचारते, मग गच्चीवरील टाकी पाहावयास सांगते, आणि तोटीकडे शेवटीं वळते. इंटरनेटहि असेंच टप्प्याटप्प्यानें घरांत येत असतें. संगणक राउटराशीं रेडिओलहरींच्या द्वारें बोलतो. राउटरापासून पुढें संदेश, आजकाल बहुधा काचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें, कंपनीच्या केंद्राकडे जातो. आणि तेथून तो जगांत पसरतो. यांपैकीं कोणता टप्पा तुटला आहे एवढेंच प्रथम ठरवावयाचें.

म्हणून पहिला प्रश्न हा कीं, घरांतील दुसरें यंत्र त्याच राउटरावर चालतें काय? येथें मोबाइल उपयोगीं पडतो. परंतु त्याचें स्वतःचें डेटाचें बटण आधीं बंद करावें. तें चालू राहिल्यास मोबाइल गुपचूप सिमकार्डावरील इंटरनेट वापरतो, आणि राउटर ठीक आहे अशी आपली भलतीच समजूत होते.

मोबाइलहि अडला तर संगणकास हात लावूं नये. भिंतीवरील डबीचे दिवे पहावे. ‘लॉस’ अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें असलेला दिवा तांबडा लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच डबीपर्यंत पोंचत नाहीं. तंतु तुटला असेल, किंवा कपाट सरकवितांना त्यास तीव्र वांक बसला असेल. अशा वांकांतून प्रकाश बाहेर निसटतो. वांक दिसल्यास तो हलक्या हातानें सैल करावा, पण तंतूचें टोंक काढून त्यांत डोळा लावून पाहूं नये. त्यांतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, तरी इजा करूं शकतो. पुढचें काम कंपनीचें. दिवा कोणता व कोणत्या रंगाचा, हें दूरध्वनीवर सांगितलें म्हणजे तेथील माणसासहि नेमकें कळतें.

आतां मोबाइल चालतो आणि संगणकच अडतो, असें धरूं. संगणकावरील बिनतारी जाळ्यांची यादी उघडावी. ती अगदींच कोरी असेल तर संगणकाचा रेडिओच बंद आहे. पुष्कळ लॅपटॉपांवर विमानाचें चित्र असलेली कळ असते. ती लहान भावंडाच्या बोटाखालीं कधीं दाबली जाते तें कळत नाहीं. मेजावरच्या कित्येक संगणकांत तर असा रेडिओ मुळांतच नसतो, व यूएसबीच्या खांचेंत लहानसा डोंगल बसवावा लागतो. संगणक नुकताच नव्यानें भरला असेल तर त्या रेडिओस चालविणारी प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, आंत नसण्याचा संभव आहे. ती इंटरनेटावरून आणावी म्हटलें तर इंटरनेटच नाहीं! अशा वेळीं ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हनें आणावी.

शेजाऱ्यांचीं नांवें दिसतात आणि आपलेंच दिसत नाहीं, हा प्रकार अधिक मनोरंजक आहे. राउटर बहुधा दोन पट्ट्यांत लहरी सोडतो: २.४ गीगाहर्ट्झ व ५ गीगाहर्ट्झ. पहिलीची लांबी सुमारें १२.५ सेंटिमीटर, दुसरीची सुमारें ६. दुसरी अधिक वेगानें माहिती वाहते, परंतु भिंती ओलांडतांना लवकर क्षीण होते. आणि जुन्या संगणकांतील कित्येक रेडिओंस ती ऐकूंच येत नाहीं. राउटरावर केवळ दुसरी पट्टी चालू असल्यास अशा संगणकाच्या दृष्टीनें तो राउटर नाहींच. भिंतींतून अदृश्य लहरी पार जातात हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९० च्या दशकांत कलकत्त्यास प्रत्यक्ष करून दाखविलें होतें. त्यांच्या लहरी तर कांहीं मिलिमीटरांच्याच होत्या. बोसांस पदार्थविज्ञानाची गोडी लावणारे फादर लाफों हे तेथील सेंट झेव्हियर कॉलेजांतील मिशनरी अध्यापक होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. असो. विटेच्या भिंतीपेक्षां लोखंडी कपाट हा मोठा शत्रु होय, कारण धातु लहरी परत फिरवितो. आमच्याकडील घरांत राउटर नजरेआड म्हणून नेमका कपाटामागें किंवा दूरदर्शनसंचाच्या पाठीशीं ठेवितात. तो उंच, मोकळ्या व घराच्या मध्यावरील जागीं आणला कीं अर्ध्याअधिक तक्रारी मिटतात. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीहि २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपास चालते. ती चालू असतांनाच संबंध तुटत असेल तर अपराधी सांपडलाच समजा.

नांव दिसतें पण प्रवेश मिळत नाहीं, तेव्हां बहुधा कोणीतरी संकेतशब्द बदललेला असतो आणि संगणक जुनाच पुनःपुन्हा देत राहतो. त्या जाळ्यास ‘विसरण्याची’ आज्ञा देऊन नवा शब्द सावकाश लिहावा. तरीहि नकारच आला तर राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ या नव्या कुलपावर ठेवलेला आहे काय तें पहावें. हें कुलूप २०१८ सालीं आलें. त्यापूर्वींच्या पुष्कळ यंत्रांस तें उघडतां येत नाहीं. जुनें व नवें दोन्ही चालेल अशी सोय राउटरांत बहुधा असते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ‘जोडलें आहे, परंतु इंटरनेट नाहीं.’ येथें संगणकाचा आयपी पत्ता पहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरनें पत्ता दिलाच नाहीं, म्हणून संगणकानें तात्पुरता आपला आपण घेतला, असा त्याचा अर्थ. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानें चालू करावा व दोन-तीन मिनिटें थांबावें. कचेरींत वापरलेल्या संगणकांत कधीं कायमचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. तो काढून ‘आपोआप’ असें ठेवावें. पत्ता ठीक असल्यास पिंग या आज्ञेनें प्रथम राउटरास, बहुधा १९२.१६८.१.१ ला, हांक मारावी, मग ८.८.८.८ ला. दोघांनींहि उत्तर दिलें आणि तरी संकेतस्थळें उघडलीं नाहींत, तर रस्ता साफ आहे. फक्त नांवावरून पत्ता सांगणारा डीएनएस सेवक गप्प आहे. सेटिंगमध्यें त्याच्या जागीं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिलें म्हणजे काम भागतें.

अर्जाची मुदत त्याच रात्रीं संपत असेल तर हें सर्व शोधकार्य दुसऱ्या दिवसावर टाकावें. अँड्रॉइड मोबाइल तारेनें संगणकास जोडून त्यांतील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. मोबाइलचें इंटरनेट संगणकास मिळतें, आणि अर्ज जातो.

जुन्या संगणकांविषयीं एक गोष्ट राहिली. पिंगला उत्तर येतें, नांवेंहि सांपडतात, पण प्रत्येक पान ‘सुरक्षित नाहीं’ म्हणून अडतें, अशा वेळीं कोपऱ्यांतील तारीख पहावी. आंतील मुख्य पट्टीवर नाण्याएवढा तीन व्होल्टांचा सेल असतो. तो संपला कीं वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें, व संकेतस्थळांचीं प्रमाणपत्रें त्या संगणकास अजून जन्मासहि न आलेलीं वाटतात. तारीख दुरुस्त करतांच पानें उघडतात. पण सेल बदलला नाहीं, तर पुढच्या भारनियमनानंतर तोच प्रकार पुन्हां होतो.