वाफेचं गणित आवडणाऱ्या मुलांसाठी

कोळशावर चालणाऱ्या नेहमीच्या वीजकेंद्रात जेवढी उष्णता तयार होते, त्यातली साधारण ३५ ते ४० टक्केच विजेत उतरते. बाकीची कंडेन्सरच्या पाण्यातून आणि चिमणीवाटे निघून जाते. पण शेजारी रस आटवणारा, कागद वाळवणारा किंवा कापड रंगवणारा कारखाना असेल, तर टर्बाईन फिरवून बाहेर पडलेली वाफ त्याच्या थेट कामी येते. मग त्याच इंधनाचा उपयोग ७५-८० टक्क्यांपर्यंत जातो. याला सहवीजनिर्मिती म्हणतात, कारखान्यातली माणसं नुसतं ‘कोजन’ म्हणतात. कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, तेव्हाही तिथली वाफ आसपासच्या इमारतींना पुरवली जात होती.

निकालानंतर अनेक घरांत एकच चर्चा असते. कॉम्प्युटरला नंबर लागत नाही, मेकॅनिकल मिळतंय, घ्यावं का? माझं म्हणणं असं, की मुलाला किंवा मुलीला उष्णतेचं गणित मनापासून आवडत असेल तर नक्की घ्यावं, आणि कोजन हे क्षेत्र गंभीरपणे डोळ्यांसमोर ठेवावं. मार्क कमी पडले म्हणून मात्र कुणालाही इकडे ढकलू नका. बॉयलर हाऊस ही निष्काळजी माणसाची जागा नाही.

गणित म्हणजे कसलं, ते साखर कारखान्यावरूनच पाहू, कारण महाराष्ट्रात कोजन शिकायला याहून चांगली शाळा नाही. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना धरा. उसाच्या वजनाच्या साधारण २८ टक्के, म्हणजे १,४०० टन बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा) निघतं. त्यात निम्मं पाणीच असतं, तरी चांगल्या बॉयलरमध्ये एका किलोमागे सव्वादोन किलोच्या आसपास वाफ मिळते. म्हणजे दिवसाला तीन हजार टनांवर वाफ. जुने बॉयलर दर चौरस सेंटीमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत, आताचे ८७ किंवा ११० किलोचे. दाब जितका जास्त, तितकी त्याच वाफेतून वीज अधिक. टर्बाईनमधून दीड किलोच्या आसपास दाबाने बाहेर पडणारी एक्झॉस्ट वाफ रस तापवायला आणि आटवायला जाते. आता समजा, साखरेसाठी लागणारी वाफ उसाच्या ४२ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आणली. दिवसाला २०० टन वाफ वाचली, म्हणजे सुमारे ९० टन बगॅस वाचलं. ते विका, किंवा जाळून आणखी वीज करा. हे चार टक्के कुठून काढायचे हे ज्याला कळतं, त्याची किंमत चीफ इंजिनिअरपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना कळते.

कंट्रोल रूममधली एक रात्रपाळी कशी असते, हे घरच्यांनीही समजून घ्यावं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस पडतो, यार्डातलं बगॅस भिजतं. भट्टीतला जाळ मंदावतो आणि वाफेचा दाब खाली यायला लागतो. ऑपरेटर टर्बाईनवाल्याला लोड कमी करायला सांगतो, तोच साखर विभागाकडून फोन येतो, एक्झॉस्ट कमी पडतोय. एवढ्यात टर्बाईन ट्रिप झाली, तर एक्झॉस्टच बंद. मग पीआरडीएसचा व्हॉल्व्ह उघडून बॉयलरची वाफ दाब उतरवून, पाण्याच्या फवाऱ्याने थंड करून साखरेकडे सोडायची. हे करताना नजर ड्रमच्या पाण्याच्या पातळीवर. पातळी फार खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाईनच्या पात्यांपर्यंत पोहोचतं. हा शांतपणा पुस्तकातून येत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं शिफ्टमध्येच काढावीत, ऑफिसातली खुर्ची तोवर मागू नये, असं मी आग्रहाने सांगते.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. आयटीआयवाल्यांना बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र आहे, दुसरा वर्ग आणि मग पहिला. डिप्लोमा किंवा डिग्री झालेल्यांनी बॉयलर चालवण्याचा अनुभव घेऊन बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा द्यावी. प्रमाणपत्र असलेल्या माणसाशिवाय बॉयलर चालवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून या कागदाला खरी किंमत आहे. नागपूरला राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे. साखरेतच राहायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरला राष्ट्रीय शर्करा संस्था. पुढची मोठी पायरी म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोची एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटरची परीक्षा. इंजिनिअरला तीन वर्षांच्या अनुभवानंतर ती देता येते, आणि तिच्या दुसऱ्या पेपरात सहवीजनिर्मितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार सिमेंट, कागद, खत, कापड अशा उद्योगांतल्या मोठ्या ऊर्जाग्राहकांना एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो.

आता पालकांच्या काळजीचं. सौरऊर्जा स्वस्त झाल्यापासून बगॅसच्या विजेला पूर्वीसारखा दर मिळत नाही, हे खरं आहे. पण रस आटवायला वाफ लागते, ती सौर पॅनेल देत नाही. वाफेची गरज आहे तिथे कोजनला काम आहे. काही कारखान्यांत पगार थकतात, हेही खरं. रुजू होण्याआधी तिथल्याच दोन कामगारांना विचारा, गेल्या तीन हंगामांत पगार वेळेवर झाले का. कामगार हंगामी असेल तर गाळप नसताना पूर्ण पगार नसतो, हे ऑफर लेटरमध्ये नीट वाचून घ्या. डिस्टिलरी असलेल्या कारखान्यांत आटवलेला स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) जाळणारे बॉयलर हंगामानंतरही चालतात, तिथे काम जास्त महिने मिळतं. मुलींनी कंट्रोल रूमचं काम जरूर घ्यावं, मात्र कॉलनीतली राहण्याची सोय आणि रात्रपाळीची ने-आण आधी प्रत्यक्ष जाऊन पाहावी.

शहरातच राहायचं असलेल्यांसाठी इमारतींचं कोजन आहे. गॅस इंजिनने वीज करायची आणि त्याच्या चारशे अंशांपलीकडच्या गरम धुरावर व्हेपर अॅब्सॉर्प्शन चिलर चालवून इमारत थंड करायची. दिल्लीत एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये अशी यंत्रणा बसवली गेली. चोवीस तास वीज आणि थंडावा लागणारी रुग्णालयं, हॉटेलं, डेटा सेंटर इथे ती शोभते. संध्याकाळी बंद होणाऱ्या ऑफिसात खर्च भरून निघणं कठीण, आणि गॅस महागला की सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. असे चिलर आणि बॉयलर बनवणारी थरमॅक्स पुण्याचीच, त्यामुळे डिझाईन आणि सर्व्हिसच्या नोकऱ्या मराठी मुलांच्या अंगणातच आहेत.

एक गोष्ट कॉलेजं हमखास चुकवतात. ट्रेनिंग उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवतात आणि तेव्हा बहुतेक साखर कारखाने बंद असतात. ती वेळही वाया जात नाही, टर्बाईनचं केसिंग उघडलेलं, नळ्या साफ होताना त्याच दिवसांत दिसतात. पण चालता बॉयलर पाहायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत जायला हवं. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी विभागप्रमुखांची परवानगी काढून, जवळच्या कारखान्याच्या चीफ इंजिनिअरच्या नावाने सप्टेंबरातच अर्ज द्यावा.