मेजावरील लक्ष्यवेध : हस्तकौशल्य जोखणाऱ्या खेळाची रचना

शाळेतील अथवा गावच्या वाचनालयातील मुलांच्या हाताचे कौशल्य जोखावयाचे असेल, तर त्यासाठी महागडी उपकरणे असलीच पाहिजेत असे नाही. एक सपाट फळी, काही लाकडी चकत्या आणि नेमके आखलेले लक्ष्य एवढ्या साहित्यावर चांगला खेळ उभा राहतो. मात्र अशा खेळात मिळालेले गुण मुलाच्या हाताचे आहेत की मेजाच्या उताराचे, हा प्रश्न खेळ मांडणाऱ्याने आरंभीच स्वतःला विचारला पाहिजे. कार्यानुभवाच्या तासाला अशा गुणांची नोंद ठेवावयाची असेल, तर या प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढते. कलत्या फळीवर हरलेला मुलगा आपला हात जड आहे असे समजून बसतो आणि त्याची ही समजूत पुसून टाकणे पुढे कठीण जाते.

या विषयाचा विचार बडोद्याच्या संदर्भात करणे अनेक कारणांनी उचित ठरते. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत (१८७५ ते १९३९) या नगरीत शरीरशिक्षण आणि हस्तशिक्षण असे दोन्ही प्रवाह जोमाने वाहिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली येथे सुरू झाला व १९०६ साली तो सर्व संस्थानात लागू करण्यात आला. त्याआधीच, १८९० साली, कलाभवनाची स्थापना झाली होती. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सुतारकाम, रंगकाम, यंत्रविद्या आदी विषय देशी भाषांतून शिकविले जात. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांच्या शिक्षणाचा काही काळ याच संस्थेत गेला. कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखेकडे आहे. दुसऱ्या बाजूस जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांचे कार्य होते. मराठीतील दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहूनच प्रसिद्ध झाला.

आखाड्याने बळ, चापल्य आणि दम यांची कसोटी घेतली. बोटांची कसोटी मात्र बहुतांशी कारागिराच्या घरातच राहिली. या कसोटीचे उत्तम उदाहरण पाहावयाचे तर बडोद्याच्या आग्नेयेस ओरसंग नदीकाठी असलेल्या संखेडा या गावाकडे वळावे. हे गाव पूर्वी वडोदरा जिल्ह्यात होते. २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. येथील खरादी, म्हणजे आपल्याकडील कातारी, सागवानाचे झोपाळे, पाळणे, खुर्च्या व खेळणी कातून त्यांवर लाखेचे काम करतात. कथिलाच्या लेपाने कुंचल्याने काढलेली नक्षी लाखेच्या थराखाली सोन्यासारखी दिसू लागते. फिरत्या लाकडावर लाख किती दाबाने टेकवावी, केवड्याचे पान किती हलके धरावे, हे मोजमाप कोठेही लिहिलेले नसते. ते बोटांत असते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर हात बसलेल्या कारागिरासही हे निराळे सांगावे लागणार नाही. लक्ष्यवेधाच्या खेळात ज्याची परीक्षा घ्यावयाची ते हेच, जोर आणि दिशा यांचे बोटांतील भान.

प्रचलित खेळ काय शिकवितात

आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला मेजावरील लक्ष्यवेधी खेळ म्हणजे कॅरम. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ साली चेन्नई (तेव्हाचे मद्रास) येथे झाली. मान्य नियमांनुसार कॅरमचा खेळावयाचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस असतो, सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर व वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड चालत नाही. स्ट्रायकर सोंगटीच्या सुमारे तिप्पट जड का, याचे कारण साधे आहे. हलका स्ट्रायकर सोंगटीवर आदळून मागे फिरेल. जड स्ट्रायकर तिला ढकलून पुढे जातो. अशी नेमकी मापे ठरली म्हणूनच मुंबईच्या चाळीतील खेळाडू आणि बडोद्याच्या पोळातील खेळाडू एकाच कसोटीवर उभे राहू शकतात.

तथापि कॅरममध्ये प्रामुख्याने दिशेची परीक्षा होते. सोंगटी कोपऱ्यातील भोकाच्या रोखाने अचूक निघाली, तर जोर थोडा अधिक झाला तरी बहुधा निभावते. इंग्लंडमधील 'शव्ह हेपनी' या जुन्या खेळाचे याच्या उलट आहे. त्यात फळीवर आडव्या नऊ पट्ट्या आखलेल्या असतात व हाताच्या तळव्याने नाणे असे ढकलावयाचे असते की ते रेषेला न शिवता पट्टीत थांबावे. तेथे मुख्य परीक्षा जोराची. कॅनडातील 'क्रोकिनोल' या खेळात दोन्हींचा मेळ आहे. त्याचा ज्ञात असलेला सर्वांत जुना पट १८७६ साली ओंटारिओ प्रांतात एका वडिलांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसासाठी तयार केला. या गोल पटावर वर्तुळांना बाहेरून आत ५, १० व १५ गुण असतात, मधोमध असलेल्या उथळ खळग्याला २० गुण असतात आणि आतील वर्तुळाभोवती आठ खुंट्या पहारा देत उभ्या असतात. या खुंट्यांमुळेच सरधोपट टिचकी निरुपयोगी ठरते.

यावरून असे दिसून येते की, नवा खेळ आखताना प्रथम लक्ष्य काढून मग नियम शोधणे ही उलटी रीत होय. कोणते कौशल्य पाहावयाचे ते आधी ठरवावे. लक्ष्याचा आकार त्यातूनच निघतो.

गोल लक्ष्याची फसवणूक

सर्वसाधारणपणे लक्ष्य म्हटले की वर्तुळ काढले जाते. सरकत्या चकतीच्या खेळात ही रूढी दिशाभूल करणारी आहे. सपाट फळीवर चकती किती दूर जाईल हे तिच्या आरंभीच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट केल्यास अंतर चौपट होते. चकतीच्या वजनाचा यात संबंध येत नाही. समजा, लक्ष्य ६० सेंटिमीटर अंतरावर असून त्याचा व्यास १२ सेंटिमीटर आहे. मुलाने वेग अवघा ५ टक्के अधिक दिला, तर चकती सुमारे ६६ सेंटिमीटर जाते, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर पडते. त्याच मुलाची दिशा चुकली असेल, तर मात्र तब्बल साडेपाच अंशांपर्यंतची चूक त्याच वर्तुळात खपून जाते. अर्थात हे वर्तुळ जोराला अतिशय कठोर व दिशेला अतिशय सौम्य असे परीक्षक आहे. आणि शून्य गुण मिळालेल्या मुलास आपले नेमके काय चुकले हे ते सांगतही नाही.

यावर उपाय म्हणजे दोन्ही कौशल्यांची परीक्षा निराळी घेणे. त्यासाठी एका पाटाची रचना येथे दिली आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा १०५ सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद तुकडा घ्यावा. आठ फूट बाय चार फुटांच्या एका फळ्यातून असे सहा पाट निघतात, ही गोष्ट खरेदी करणाऱ्या शाळेने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाट मध्ये वाकू नये यासाठी खालून तीन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात व कडेने दोन सेंटिमीटर उंचीची चौकट बसवावी. जवळच्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर आरंभरेषा आखून तिच्या मध्यावर चकती ठेवण्याचे वर्तुळ काढावे. तेथून ३० सेंटिमीटरवर दोन खुंट्या उभ्या कराव्यात. त्यांच्यामधील मोकळी जागा ५ सेंटिमीटर असावी. हे दार होय. तीन सेंटिमीटर व्यासाची चकती त्यातून जाताना दोन्ही बाजूंस एकेक सेंटिमीटर जागा उरते, म्हणजे दिशेत दोन अंशांहून कमी चूक चालते.

दारापलीकडे आडव्या पट्ट्या आखाव्यात. आरंभरेषेपासून ५७ ते ६३ सेंटिमीटर ही मधली पट्टी ४ गुणांची, तिच्या दोन्ही अंगांच्या सहा-सहा सेंटिमीटरच्या पट्ट्या २ गुणांच्या आणि त्यांच्याबाहेरील तशाच दोन पट्ट्या १ गुणाच्या. खुंट्यांना न शिवता दार ओलांडल्यास दिशेचा एक गुण. ज्या पट्टीत चकती थांबेल तिचे गुण जोराचे. खुंटीला शिवलेली व मागच्या चौकटीवर आदळून परतलेली चकती बाद धरून उचलावी, कारण आदळून योगायोगाने मधल्या पट्टीत आलेल्या चकतीला गुण देणे म्हणजे चौकटीलाच बक्षीस देणे होय. दोन्ही प्रकारचे गुण निरनिराळ्या रकान्यांत लिहावेत. ते एकत्र केले की वर्तुळाचाच दोष परत येतो.

चकत्या कातारी अथवा सुताराकडून एकाच ओंडक्यातून कातून घ्याव्यात आणि प्रत्येकीच्या मध्यावर रंगाचा ठिपका द्यावा. चकती रेषेवर थांबल्यास ठिपका ज्या पट्टीत असेल ती धरावी. त्यामुळे निम्मी भांडणे होण्यापूर्वीच मिटतात. पुष्कळदा चकत्यांच्या रंगावर खर्च केला जातो व तळाच्या गुळगुळीतपणाकडे दुर्लक्ष होते. वास्तविक तळ महत्त्वाचा.

उतार आणि घसरण

आता ज्या दोषामुळे अशा खेळांतील बहुतेक गुण निरर्थक ठरतात त्याकडे वळू. फळीवर चकती किती सहज घसरते हे मोजणे अवघड नाही. चकती पाटावर ठेवून पाटाचे एक टोक हळूहळू उचलावे व बोटाने हलकेच ठोकत राहावे. चकती एकसारख्या गतीने घसरू लागली की उचललेली उंची मोजावी. १०५ सेंटिमीटरच्या पाटाचे टोक १०.५ सेंटिमीटर उचलावे लागले, तर घर्षणाचे प्रमाण सुमारे ०.१ आहे असे समजावे. अशा पाटाला मीटरमागे केवळ एक सेंटिमीटर उतार राहिला, तर ६० सेंटिमीटरसाठी दिलेला जोर उताराच्या दिशेने चकतीला सुमारे ६७ सेंटिमीटरपर्यंत नेतो व चढाच्या दिशेने ५४.५ सेंटिमीटरवरच थांबवितो. हात तोच, जोर तोच. गुण ४ ऐवजी २. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा जुन्या बाकावर एवढा उतार डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून खेळापूर्वी पाणसळ लावून, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना, कागदाच्या घड्या अथवा पाचरी सारून पाट समतल करावा. पाट जितका गुळगुळीत, तितका उताराचा परिणाम अधिक, हेही विसरू नये. कॅरमची बोरिक पावडर लहान मुलांच्या तोंडात जाणे घातक असल्याने तिच्याऐवजी शंखजिऱ्याची वस्त्रगाळ पूड अगदी थोडी वापरावी आणि दर डावापूर्वी ती सारखी पसरावी.

अवघडपणा किती असावा

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हाताच्या हालचालींवरील आपले प्रसिद्ध प्रयोग प्रसिद्ध केले. लक्ष्याचे अंतर दुप्पट केले काय किंवा त्याची रुंदी निम्मी केली काय, हाताला लागणारा वेळ सारखाच वाढतो, असे त्यांना आढळले. त्यांचे प्रयोग सरकत्या चकतीचे नव्हते, तरीही अंतर आणि रुंदी यांचा विचार एकत्र करावा हा बोध येथेही उपयोगी पडतो. पाट लांब करण्यास जागा नसेल, तर पट्ट्या अरुंद करून खेळ अवघड करता येतो. दार सर्वांनाच ओलांडता आले किंवा कोणालाच आले नाही, तर मुलामुलांतील फरक कळत नाही. सुमारे निम्म्या टिचक्या दारातून जातील अशी खुंट्यांची जागा वर्गागणिक ठरवून घ्यावी. तिसरीच्या वर्गाला ७ सेंटिमीटरचे दारही पुरेसे अवघड वाटू शकते. खुंट्यांसाठी दोनतीन जोड भोके आधीच पाडून ठेवणे सोयीचे. डावखुऱ्या मुलांना डाव्या हाताने खेळू द्यावे. पाट दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने त्यांचे काही बिघडत नाही.

टिचक्या किती द्याव्यात याविषयी घाई नको. तीन टिचक्यांवर वर्गाचा क्रम लावणे हा अन्याय आहे. एका मुलाच्या गुणांतील योगायोगाचा भाग निम्म्यावर आणावयाचा, तर टिचक्या चौपट कराव्या लागतात. सरावाच्या पाच व नोंदीच्या वीस टिचक्या दिल्या, तर चाळीस मुलांच्या वर्गाला एक आठवडा लागेल. तो लागू द्यावा.

मांडलेला खेळ खरोखर हात जोखतो की नाही, हे पाहण्याचा मार्ग शिक्षकाच्या हाती आहे. त्याच मुलांना चार दिवसांनी त्याच पाटावर पुन्हा खेळवावे व दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. वरची मुले साधारण वरच आणि खालची साधारण खालीच राहिली, तर खेळ जमला. क्रम पार उलटापालटा झाला असेल, तर मुलांना दोष न देता पाणसळ, पूड, चकत्यांचे तळ आणि टिचक्यांची संख्या या गोष्टी पुन्हा तपासाव्यात. बहुधा दोष त्यांतच सापडतो. या दुसऱ्या फेरीआधी कोणत्याही मुलाचे गुण प्रगतिपुस्तकात चढवू नयेत. पावसाळ्यात प्लायवूड दमट होऊन फुगते, यास्तव पाट भिंतीला टेकवून न ठेवता सपाट जागी, वर कापड घालून ठेवावा आणि श्रावण सरल्यावर घसरणीचे माप नव्याने घ्यावे.