वही परत मागव

घोडनदी (शिरूर)

चि. सुयश यास मामाचे अनेक आशीर्वाद.

बराकीतली पोरं ‘कवी आला’ म्हणून टिंगल करतात, म्हणून तू कवितांची वही घरी पाठवून दिलीस, असं ताईनं फोनवर सांगितलं. दौंडला एसआरपीत राहून एवढ्यानं खचतोस? ती वही परत मागव.

महादजी शिंदे तुला माहीत आहेत ते तलवारीचे. त्यांच्या घरचे दत्ताजी बुराडी घाटावर पडले, जनकोजी पानिपतानंतर मारले गेले, महादजी १७६१ मध्ये पायानं अधू होऊन परतले. घरची सरदारी मिळवायलाच पुढं काही वर्षं गेली. तरी १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाहआलमला दिल्लीत आणून बसवलं ते त्यांनीच. वडगावात १७७९ ला इंग्रजांना नमवलं आणि १७८१ मध्ये त्यांच्याकडून मारही खाल्ला. पण १७८२ ला सालबाईचा तह झाला, तेव्हा पेशवे आणि इंग्रज दोघांनाही मध्यस्थ म्हणून हेच चालले. कालचा शत्रूसुद्धा ज्याच्या शब्दावर विसंबतो, असा माणूस विरळा. ते १७९४ ला वानवडीला वारले.

हाच माणूस अभंग आणि पदं रचायचा. कृष्णभक्त होता. खरं सांगायचं तर ती कविता तुकोबांच्या शेजारी ठेवण्यातली नाही. पण दिल्लीचा कारभार, फौजेचा पगार, पुण्यातल्या मुत्सद्द्यांचे टोमणे, एवढं डोक्यावर असताना त्यांनी लिहिणं सोडलं नाही, आणि लिहितात म्हणून त्यांच्या फौजेत कुणी त्यांना कमी लेखल्याचं मी तरी वाचलेलं नाही. स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेणाऱ्याला मोठेपणाची हौस नव्हती. तुलाही ‘कवी’ म्हणवून घ्यायची घाई नको. ड्यूटीत कसूर करू नकोस, मग कोण हसतंय ते बघू. उलट रोज चार ओळी लिहिणाऱ्याचा रिपोर्टसुद्धा नेटका उतरतो, हे आधी तुझ्या साहेबांच्या ध्यानात येईल.

सुट्टी मिळाली की भीमा ओलांडून श्रीगोंद्याला जा. तिथं शिंद्यांचे वाडे आहेत, शेख महंमद महाराजांची समाधीही आहे. पुण्याला आलास तर वानवडीची महादजींची छत्री बघ.

आणि पुढच्या पत्रासोबत एक कविता पाठव. यमक जुळलं नाही तरी चालेल, पण खाडाखोड केलेला कागदच पाठव.

तुझा,
मामा