नातवाचा मफिन गिरणीत सुरू होतो

प्रश्न : माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला गहू, दूध आणि अंडं या तिन्हींची ॲलर्जी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मित्रांच्या डब्यात मफिन बघून तोही हट्ट धरतो. सकाळच्या खाण्यात साखर नको, असं सुनेचं म्हणणं आणि ते मलाही पटतं. ज्वारीचं पीठ आणि केळी घेऊन दोनदा करून पाहिले. पहिल्यांदा आतून चिकट राहिले, म्हणून दुसऱ्यांदा पीठ वाढवलं तर दगड झाले. साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल का? आणि माझं चुकतंय कुठे?
– एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, तुमच्या हाताचा काही दोष नाही. गहू, अंडं, दूध आणि साखर एकदम काढली की नुसतं पीठ कमी-जास्त करून मफिन सावरत नाही. यातली प्रत्येक वस्तू तिथे काहीतरी काम करत होती. ते काम आता दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायला हवं.

पण कृतीकडे जाण्याआधी मला विचारायचंय, ज्वारी दळून कुठून आणता? गिरणीच्या पाळ्यांत आणि पीठ पडतं त्या कापडी तोंडात आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ एवढं सांगून आपण एरवी निर्धास्त होतो. गव्हाच्या ॲलर्जीला तेवढं पुरत नाही. ज्या घरघंटीत गहू कधीच पडत नाही तिच्यात दळा, नाहीतर बंद पाकीट घ्या आणि त्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, सुकामेव्यातली कवचाची फळं यांचा उल्लेख पाकिटावर असायला हवा. घरातली पिठाची चाळणही एकदा उजेडात धरून बघा. जाळी जिथे पत्र्याला मिळते त्या घडीत पांढरी रेघ दिसेल. ती कणीक आहे आणि धुऊनही ती सहज निघत नाही. नातवासाठी चाळण वेगळीच ठेवा.

दुधाचंही तसंच. साच्याला तुपाचा हात लावला तरी दूध आलंच, कारण तुपात दुधातल्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. लॅक्टोज काढलेलं दूध इथे उपयोगाचं नाही; त्यातली साखर गेलेली असते, प्रथिनं तशीच असतात आणि ॲलर्जी प्रथिनांची असते. तेल सूर्यफुलाचं किंवा खोबरेल घ्या. ज्या घरात शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांनी घाण्याचं शेंगदाणा तेल तर अजिबात वापरू नये, त्यात दाण्याची प्रथिनं उतरतात.

आता चिकटपणाचं. गव्हातलं ग्लुटेन आणि अंडं मिळून मफिनचा सांगाडा उभा करतात. सोड्यामुळे निघालेला वायू त्या सांगाड्यात अडकतो, म्हणून मफिन फुगतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे वायू निघून जातो आणि केळ्याचं पाणी मात्र आतच राहतं. यावर दोन वस्तू आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळतात, जवस आणि इसबगोल. चटणीसाठी दळतो तशी जवसाची पूड करा. एक मोठा चमचा पुडीत तीन मोठे चमचे कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवा. चमचा उचललात की त्याला पांढऱ्या बलकासारखी तार येते. ही एका अंड्याची जागा. इसबगोल पाणी धरून ठेवतो आणि पिठाला बांधतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ज्वारीचं पीठ पाणी सावकाश पितं. कालवून लगेच भट्टीत घातलं तर दाताखाली कचकच येते आणि गाभा ओला राहतो. पीठ आधी पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवावं आणि सोडा, बेकिंग पावडर, लिंबू अगदी शेवटी घालावं, कारण लिंबू पडताच सोडा उसळतो आणि तो वायू कुणासाठी थांबत नाही. माझ्या मते तुमचे मफिन बिघडले ते इथेच.

गूळ नको. गूळ, मध, काकवी ही सगळी वरून घातलेली साखरच. रंग वेगळा असला तरी शरीराला फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मध आणि फळांचा रससुद्धा मर्यादित ठेवण्याच्या साखरेत धरला आहे, अख्खं फळ मात्र नाही. म्हणून रस न घेता फळच घ्या. केळी सालीवर काळे ठिपके पडलेली, बोटाने दाबली तर दबणारी हवीत. कच्च्या केळ्यात बहुतांश पिष्ट असतं, पिकताना त्याचीच साखर होते. फळवाला जी केळी ‘आज संपवा’ म्हणून स्वस्तात देतो, ती यासाठी सर्वांत उत्तम. जोडीला खजूर. वसईकडची सुकेळी मिळाली तर अवश्य आणा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली असतात, बारीक तुकडे करून घातले तर दाताखाली मध आल्यासारखं वाटतं. खजूर आणि सुकेळी गोड आहेत म्हणजे त्यांत साखर आहेच. घरात कुणाला मधुमेह असेल तर ‘बिनसाखरेचे’ म्हणून त्यांच्यापुढे ताटली सरकवू नका.

प्रमाण असं : तीन मध्यम केळी कुस्करून, आठ बिनबियांचे खजूर अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून वाटून, पाव वाटी तेल आणि जवसाचं मिश्रण एकत्र करा. त्यात एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, दोन लहान चमचे इसबगोल, चिमूटभर मीठ, वेलची पूड घालून झाकून ठेवा. भिजल्यावर पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट दिसायला हवं. मग एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून हलवा आणि लगेच साच्यांत ओता. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर साधारण पंचवीस मिनिटं. बाहेर काढले की पूर्ण निवू द्या. गरम असताना कापलेला ज्वारीचा मफिन कच्चाच वाटतो, निवला की गाभा बसतो.

ओव्हन नसेल तर हेच पीठ वाटीत उकडा. कोकणात फणसाचं सांदण याच वाटेने होतं : तांदळाचा रवा, फणसाचा रस आणि वाफ. त्यात अंडं नाही, गहू नाही, आणि दुधाच्या जागी नारळाचा रस. रसाळ बरका फणस चांगला पिकलेला असेल तर गुळावाचूनही चालतं. डब्यात मफिनच हवा असं नातवाचं म्हणणं असेल तर सांदण मफिनच्याच कागदी वाट्यांत उकडून द्या.

साखर नसल्यामुळे हे मफिन टिकत नाहीत. बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये तीन. जास्तीचे फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी वाफवावेत.

हे वाचून जे दुसऱ्या मुलांसाठी करतील त्यांना सांगते, केळंही सगळ्यांना चालतंच असं नाही. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्या काहींना केळ्याने त्रास होतो. तिथे डॉक्टरांना विचारून दुसरं फळ घ्या.

आणि आजी, कुणीतरी तुम्हाला सांगेल की भाजलेल्या पदार्थातलं अंडं बऱ्याच मुलांना चालतं, एकदा घालून बघा. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं, पण ती परीक्षा डॉक्टरांच्या समोर, दवाखान्यातच व्हायला हवी. घरच्या ओव्हनमध्ये ती घेऊ नका.