डोमेन माझं, ताप आबांना

फेस्टचं कोऑर्डिनेटरपद मिळालं की आठवड्याभरात डोमेन घेतलं जातं. नाव काय ठेवायचं यावर मेसमध्ये दोन-दोन तास वाद. पण नंतर येणारा नाव, पत्ता, फोन आणि ई-मेलचा फॉर्म? तो दोन मिनिटांत भरून मोकळे! मीही तेच केलं होतं, म्हणून हा लेखप्रपंच.

गोष्ट सप्टेंबर २०१६ ची. मी थर्ड इयरला, याच हॉस्टेलवर. (आता इथेच प्रॅक्टिकल घेतो, व्हायवाला भेटूच.) जिओ नुकतंच आलेलं, माझं सिम सारखं बदलायचं. म्हणून फॉर्ममध्ये आबांचा नंबर टाकला आणि पत्ता गावचा. ‘प्रायव्हसी’ नावाची एक टिक होती, तिचे दोनेकशे रुपये जास्त पडत होते. काढून टाकली.

तिसऱ्या दिवसापासून आबांना फोन सुरू. वेबसाइट बनवून देतो, लोगो करून देतो, गूगलवर पहिल्या नंबरला आणतो. आबांचं किराणा दुकान. ऐन गिऱ्हाइकात फोन, दुपारी डोळा लागला की फोन. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "अरे, कोण तरी इंग्रजीत तुझं नाव घेतंय. दोन हजार भरा नाहीतर बंद करतो म्हणतंय. काय भानगड करून ठेवलीस तिथं?" पैसे भरायला ते दुकानातून निघालेही होते.

नंबर कुणी चोरला नव्हता. डोमेनमालकांची एक उघडी वहीच असायची, तिचं नाव ‘व्हूइज’. तिचे नियम १९८२ साली अर्पानेटसाठी लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावर माणसं मोजकी, त्यामुळे कोण कुठे आहे आणि कुणाला गाठायचं, हे कळण्याची ती सोय होती. पोर्ट ४३ वर नाव पाठवायचं की उत्तर हजर, पासवर्ड वगैरे काही नाही. पुढे जाळ्यावर सगळं जग आलं, वही मात्र उघडीच राहिली. नव्या डोमेनांच्या याद्या मिळवायच्या, एक स्क्रिप्ट रात्रभर फिरवायची, की सकाळी ताजे नंबर तयार.

आता माझा दुसरा शहाणपणा ऐका. चिडून मी नोंदीत नंबर खोटा टाकला आणि ई-मेलही वाटेल तो ठोकला. स्पॅम बंद! पण ई-मेल बदलला की रजिस्ट्रार नव्या पत्त्यावर खात्रीची लिंक पाठवतो. पंधरा दिवसांत ती दाबली नाही, तर डोमेन रोखलं जातं किंवा रजिस्ट्रारला स्वतः खात्री करून घ्यावी लागते. आयकॅनशी झालेल्या २०१३ च्या करारातच तसं आहे. फेस्टला चार दिवस उरलेले आणि साइट गायब. रजिस्ट्रेशन थांबलं, प्रायोजकांचे फोन सरांना, आणि सरांचा मला. फोन आणि मेल करून साइट परत यायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी मेसला जेवायलाही गेलो नाही, लोक विचारतील म्हणून.

तेव्हा खोटी माहिती हा उपाय नव्हे. माहिती खरी द्यायची, पण दाराबाहेर लावायची नाही. ती टिक याचसाठी होती. प्रायव्हसी सेवेत मालक म्हणून नाव तुमचंच राहतं, फक्त संपर्क सेवेचा दिसतो. प्रॉक्सीत मात्र कागदोपत्री मालक ती सेवाच असते आणि तुम्ही फक्त वापरणारे. फरक बारीक आहे, पण भांडण झालं तर महाग पडतो. घेताना अटी वाचा.

युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला. दंड दोन कोटी युरोपर्यंत, किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत, यातला जो जास्त असेल तो. युरोपातलं गिऱ्हाईक कोण आणि बाकीचं कोण हे निवडत बसण्यापेक्षा बहुतेक रजिस्ट्रारांनी सगळ्यांचीच माहिती झाकून टाकली. आता तर डॉट कॉमसारख्या डोमेनांना २८ जानेवारी २०२५ पासून जुनी व्हूइज चालवण्याचं बंधनच नाही, तिच्या जागी आरडीएपी आहे. पण सगळीकडे असं नाही. डॉट इनला प्रायव्हसी-प्रॉक्सी चालत नाही. तशीच ‘संस्था’ या रकान्याची गंमत. तो बऱ्याचदा उघडा राहतो आणि आपली पोरं त्यात स्वतःचं नाव लिहितात. डोमेन घेतल्यावर आयकॅनच्या लुकअप पानावर ते टाकून बघा, आपलं काय दिसतंय ते.

फेस्टसाठी वेगळा ई-मेल काढा, पासवर्ड दोघा-तिघांकडे ठेवा आणि त्यातला एक स्टाफपैकी असू द्या. कोऑर्डिनेटर पास होऊन जातो, नूतनीकरणाची सूचना मात्र त्याच्याच मेलवर येत राहते. आणि साइटवर पत्ता सरळ छापू नका, मेल गोळा करणारे प्रोग्रॅम तिथूनच उचलतात. संपर्काचा फॉर्म ठेवा. मधे ‘अ‍ॅट’ अक्षरात लिहिण्याची युक्ती आता फारशी चालत नाही.

मुख्य म्हणजे हे सगळं डोमेन घेण्यापूर्वी ठरवा. जुन्या नोंदींच्या प्रती विकणारे लोक आहेत. मी नंतर प्रायव्हसी घेतली, १९०९ वर आबांचा नंबर डीएनडीत टाकला, तरी परदेशी नंबरांवरून फोन यायचे ते आलेच. अधूनमधून अजून येतात. परवा एकानं लोगो हवा का विचारलं. आबांनी त्याला दुकानाचं शटर रंगवायला किती घेशील, म्हणून विचारलं. त्यानंच फोन ठेवला.